उटणें, शिकेकाई व रिठा : स्नानद्रव्यांच्या इतिहासाचीं साधनें

१

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, करीने, शकावल्या व बखरी हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात, आणि तें साहजिकही आहे. राज्यें कशीं उभीं राहिलीं व कशीं मोडलीं हें ज्यांस जाणावयाचें आहे त्यांस या कागदांवांचून गत्यंतर नाहीं. परंतु राज्यें मोडलीं तरी ज्या गोष्टी मोडल्या नाहींत, घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्या, त्यांचा इतिहास कोणत्या कागदांत शोधावयाचा हा प्रश्न निराळा आहे. अंगास लावावयाचें उटणें, केंस धुण्याची शिकेकाई, रेशमी वस्त्रांस चालणारा रिठा, न्हाण्यापूर्वीं चोळावयाचें तेल, हे पदार्थ या दुसऱ्या वर्गांतले होत. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याचा वास येत नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळा; तथापि या उटण्याची हकीकत सलग लिहूं म्हटलें तर साधनें चोहोंकडे विखुरलेलीं आढळतात. कांहीं वैद्यकांत, कांहीं कामशास्त्रांत, कांहीं राजनीतीच्या ग्रंथांत, कांहीं धर्मनिबंधांत, आणि एक महत्त्वाचें साधन तर ज्यांस ही चाल बंद पाडावयाची होती त्यांच्या दप्तरांत.

या साधनांचा क्रमानें विचार करून प्रस्तुत लेखांत एकच गोष्ट दाखवावयाची आहे. कोणतेंही उटणें घेतलें तरी त्याचे दोन भाग पडतात. पहिला सुगंधाचा : चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, जटामांसी इत्यादि. दुसरा मळ व तेल काढणाऱ्या आधारद्रव्याचा : डाळीचें किंवा तांदळाचें पीठ, हळद, शिकेकाई, रिठा. आपल्या पोथ्यांनीं पहिला भाग मोठ्या आस्थेनें नोंदला; दुसरा बहुधा वाऱ्यावर सोडला. म्हणून केवळ पोथ्या वाचून स्नानद्रव्यांचा इतिहास लिहिणारा अर्धाच इतिहास लिहितो. राहिलेला अर्धा भाग फुटकळ पानांत, जमाखर्चाच्या बाडांत व घरांतील वृद्ध स्त्रियांच्या हातांत आहे, आणि तो नाहींसा होण्याच्या वाटेवर आहे.

२

शब्दांपासून आरंभ करणें सोयीचें. ‘उटणें’ हा शब्द संस्कृत ‘उद्वर्तन’ यापासून प्राकृत ‘उव्वट्टण’ या रूपांतून मराठींत उतरला. हिंदींतील ‘उबटन’ हा त्याचाच भाऊ. मूळ शब्द पदार्थवाचक नसून क्रियावाचक आहे. अंगावर हात उलट दिशेनें फिरवून चोळणें हा त्याचा अर्थ. पुढें ज्या चूर्णानें चोळावयाचें त्यासच तें नांव पडलें. ‘रिठा’ हा ‘अरिष्टक’ शब्दाचा वंशज आहे. ‘शिकेकाई’ मात्र या कुळांतली नव्हे. कानडींत ‘सीगेकायि’ व तमिळांत ‘सीयक्काय्’ अशीं त्याच शेंगेचीं नांवें असून दोहोंतही अखेरचा अवयव फळ अथवा शेंग या अर्थाचा आहे. म्हणजे वस्तु सह्याद्रीच्या रानांत मुबलक असतांही नांव आपण दक्षिणेच्या शेजाऱ्याकडून घेतलें. ‘साबण’ हा शब्द तर त्याहून दूरचा. अरबी-फारसी ‘साबून’ व पोर्तुगीज ‘साबाँव’ हे दोन्ही लॅटिन ‘सापो’ या एकाच मुळाशीं जाऊन पोंचतात. यास्तव केवळ रूपसाम्यावरून हा शब्द मराठींत कोणत्या दारानें आला याचा निर्णय कोणीं करूं नये.

एका न्हाणीघरांतील चार शब्दांत संस्कृत-प्राकृत, द्राविडी व पश्चिमेकडील अशा तीन परंपरा शेजारीं शेजारीं नांदतात. त्यांच्या जोडीस जुन्या मराठींतील ‘मर्दना’ व ‘मादणें’ हे शब्द ठेवावे. महानुभावांच्या लीळाचरित्रांत ते वारंवार येतात. अंग चोळणें व न्हाऊं घालणें हीं दोन्हीं कामें तेराव्या शतकाच्या मराठींत जोडीनें उच्चारलीं जात आणि तीं सेवेचा व आदराचा भाग समजलीं जात, एवढें त्यावरून स्पष्ट होतें.

३

वैद्यकाचे ग्रंथ या विषयांत सर्वांत काटेकोर आहेत. सुश्रुतानें चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत नित्य आचार सांगतांना उद्वर्तन, उद्घर्षण व उत्सादन असे तीन प्रकार वेगळे केले आहेत. टीकाकार डल्हण यानें शेवटच्या दोहोंतील भेद स्नेहावर बसविला आहे : कोरड्या चूर्णानें घासणें तें उद्घर्षण, तेलतुपानें युक्त अशा कल्कानें चोळणें तें उत्सादन. आजही आपल्या घरीं कोणी उटणें कोरडें लावतें, कोणी दुधांत किंवा तेलांत कालवून लावतें. हा भेद घरोघरच्या लहरीचा नसून शास्त्रांत नांव मिळालेला आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वाग्भटानेंही अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायांत अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन व स्नान हा क्रम लावून दिला आहे. त्वचा स्वच्छ होणें, मेद झडणें व अवयव बळकट होणें असें त्याचें फल सांगितलें आहे.

कामसूत्रांतील नागरकाची दिनचर्या प्रसिद्धच आहे. त्यांत स्नान रोज, उत्सादन दिवसाआड, फेनक तिसऱ्या दिवशीं व श्मश्रु चौथ्या दिवशीं असा नियम दिला आहे. ‘फेनक’ म्हणजे फेंस देणारें द्रव्य. वात्स्यायनानें तें कशाचें करावें हें सांगितलें नाहीं. ठाऊक असलेली गोष्ट सांगावयाची कशाला, असेंच त्यास वाटलें असावें. परंतु रिठ्यास संस्कृतांत ‘फेनिल’ असें दुसरें नांव आहे, आणि मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीच्या प्रकरणीं रिठ्याचा उपयोग स्पष्ट सांगितला आहे : रेशीम व लोंकर खाऱ्या मातीनें, कुतप नांवाचें कांबळें रिठ्यानें, अंशुपट्ट बेलफळानें आणि क्षौम वस्त्र पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावें. प्रत्येक वस्त्रास त्याच्या जातीप्रमाणें निराळें द्रव्य, ही समजूत केवळ धर्मशास्त्राची नव्हे. ती धुणाराच्या अनुभवाची आहे. रिठ्याच्या सालींत फेंस देणारें जें सत्त्व असतें तें खाराप्रमाणें तीव्र नसल्यामुळें लोंकरीचा धागा त्यानें खराब होत नाहीं; म्हणूनच किंमती शाली व शालू धुण्यास रिठाच वापरण्याची चाल आजपर्यंत टिकून राहिली.

या ठिकाणीं कै. परशुराम कृष्ण गोडे यांचें ऋण मान्य केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या हस्तलिखित संग्रहाची व्यवस्था दीर्घकाळ पाहणाऱ्या या विद्वानानें रिठा, साबण व परीट यांच्या इतिहासावर इ. स. पूर्वीं ३०० पासून इ. स. १९०० पर्यंतचीं टिपणें एकत्र केलीं. राजकीय इतिहासापुढें ज्यांस कोणी विचारीत नसे अशा वस्तूंची वंशावळ पोथ्यांतून काढतां येते, हें त्यांनीं अनेक लेखांतून सिद्ध करून दाखविलें.

४

आतां सुगंधाच्या भागाकडे वळूं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत ‘गंधयुक्ति’ नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. इ. स. च्या सहाव्या शतकांतील हा ज्योतिषी केंसांचे कल्प, स्नानाचें सुगंधी पाणी, तेल व धूप यांचे योग सांगतां सांगतां गणितांत शिरतो. सोळा द्रव्यांतून चार चार निवडलीं तर किती प्रकार होतील? उत्तर १८२० असें तो देतो, व तें बरोबर आहे. गणिताच्या इतिहासकारांनीं हें स्थळ केव्हांच हेरलें आहे. परंतु आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, गंध तयार करणें हें त्या काळीं मोजमापाचें शास्त्र झालें होतें. द्रव्यांचे भाग ठरलेले असत व ते कोष्टकांत मांडतां येत.

महाराष्ट्राच्या अधिक निकट येणारा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या या ग्रंथांत शके १०५१ (इ. स. ११२९) या वर्षाचें गणित दिलेलें आहे, त्यावरून त्याचा काळ निश्चित होतो. पांच विंशतींचे मिळून शंभर अध्याय अशी त्याची रचना असून तिसऱ्या विंशतींत राजाच्या उपभोगांत स्नानभोग व विलेपनभोग यांस स्वतंत्र जागा दिली आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेले त्याचे भाग १९२५, १९३९ व १९६१ या सालीं निघाले. सुवासिक तेलानें मर्दन, नंतर तेल काढण्याकरितां लेप, नंतर स्नान व शेवटीं विलेपन, हा क्रम आपल्याकडील अभ्यंगस्नानाच्या क्रमाशीं ताडून पाहिला असतां, राजवाड्यांतील व घरांतील विधि एकाच सांगाड्यावर उभे आहेत असें दिसून येतें. अंतर द्रव्यांच्या किंमतीचें आहे.

तथापि हस्तलिखितांच्या संग्राहकांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारें उदाहरण ‘गंधसार’ व ‘गंधवाद’ या दोन ग्रंथांचें आहे. गंगाधर नांवाच्या ग्रंथकाराचा गंधसार आणि अज्ञात ग्रंथकाराचा गंधवाद यांचा परिचय गोडे यांनीं १९४५ च्या सुमारास विद्वानांस करून दिला. गंधवादावर मराठी टीका आहे, आणि तिचा काळ गोडे यांनीं सुमारें इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरविला. पुढें १९८९ सालीं हे दोन्ही ग्रंथ बडोद्यास छापून प्रसिद्ध झाले. एका दुर्मिळ हस्तलिखिताच्या आधारें गंधशास्त्राची एक संपूर्ण शाखा प्रकाशांत आली. तें बाड कोणी निरुपयोगी म्हणून टाकून दिलें असतें तर यादवोत्तर काळांत सुगंधाच्या धंद्यावर मराठींत लिहिलें जात होतें, ही गोष्ट आपणांस कधींच कळती ना. आणि टीका मराठींत आहे याचा अर्थ उघड आहे. ती ज्यांच्याकरितां लिहिली त्यांस संस्कृत श्लोक पुरेसा नव्हता. त्यांस काम करावयाचें होतें.

गंधसारांत सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन. चूर्णास द्रव पाजून मुरवणें तें भावन. अग्नीवर पक्व करणें तें पाचन. गंध जागा करणें तो बोध व तीव्र द्रव्यानें तो भेदणें तो वेध. धूर देणें तें धूपन, आणि फुलांच्या सान्निध्यानें वास लावणें तें वासन. ही परिभाषा वाचून कोणास ती केवळ पोथींतली वाटेल. परंतु न्हालेल्या स्त्रीचे ओले केंस ऊद घातलेल्या निखाऱ्यांवर सुकविणें हें धूपनच नव्हे काय? तिळांत मोगऱ्याचीं किंवा चमेलीचीं फुलें घालून वास मुरला म्हणजे त्या तिळांचें फुलेल काढणें हें वासनच. वैद्य आपल्या चूर्णांस अद्याप ‘भावना’ देतात व तोच शब्द वापरतात. ग्रंथांतील क्रिया व घरांतील क्रिया एकमेकींस अशा ओळखतात.

५

मुसलमानी दरबारांनीं या विद्येची उपेक्षा केली नाहीं. अबुल फज्लच्या आइन-इ-अकबरींत अकबराच्या खुशबूखान्याचें वर्णन असून त्यांत मिश्र सुगंधांचे योग वजनांसह दिले आहेत. त्यांत ‘अर्गजा’ आहे, अंग चोळण्याचें ‘उपटना’ आहे व अंग धुण्याचें पातळ ‘घसूल’ही आहे. ‘उपटना’ म्हणजे आपलें उद्वर्तनच, फारसी लिपींत लिहिलेलें. माळव्याच्या सुलतानांकरितां पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या निअमतनाम्यांत खाद्यपदार्थांबरोबर अंगलेपांचेही योग आहेत. आणि विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) याच्या दरबारांत ‘इत्र-इ-नवरसशाही’ हा सुगंधावरील फारसी ग्रंथ तयार झाला. दख्खनी दरबारांच्या सहवासानें अत्तर, गुलाब, अर्गजा हे शब्द मराठी कागदांत स्थिरावले. शब्दांबरोबर द्रव्येंही आलीं. याद्यांचा काळ ठरविणारास याचा उपयोग होतो. एखाद्या यादींत ‘गुलाबपाकळ्या’ किंवा ‘मुलतानी माती’ असे शब्द आढळले तर ती यादी जशी आहे तशी वराहमिहिराच्या परंपरेंतली नव्हे, तींत पुढील काळाचा हात फिरला आहे, असें समजण्यास आधार मिळतो.

६

यापुढें धर्मनिबंध. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु (इ. स. १६१२) व पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (शके १७१२) हे दोन ग्रंथ महाराष्ट्राच्या आचारास फार जवळचे. नरकचतुर्दशीस चंद्रोदयीं तैलाभ्यंग करावा, स्नानाच्या वेळीं आघाडा, भोपळा व टाकळा यांच्या फांद्या अंगावरून फिरवाव्या, असें ते सांगतात. कोणत्या वारीं व तिथीस अभ्यंग वर्ज्य याचाही निर्णय करतात. परंतु उटण्यांत काय किती घालावें याची चर्चा त्यांच्या कक्षेंतली नाहीं. निबंधकारास केव्हां व कां हें सांगावयाचें असतें. कशाचें व किती हें घरांतल्यांस ठाऊक आहे असें तो गृहीत धरतो.

एवढीं साधनें चाळल्यावर पोथ्यांत काय नाहीं हें आपोआप दृष्टीस पडतें. वैद्यकांत कुळीथ, जव, मसूर यांचीं पिठें येतात, पण तीं बहुधा विशिष्ट रोगाकरितां. रोजच्या धुण्याचांगोळीचा आधार कोणता, तो कसा दळावा, कसा गाळावा, किती दिवस टिकतो, हें सांगणारें प्रकरण क्वचितच. आणि तें ज्ञान मुळीं थोडें नव्हतें. देशावर मसूर किंवा हरभऱ्याच्या डाळीचें पीठ. कोंकणांत तांदळाचें पीठ व नारळाचा रस. तान्ह्या मुलास साय, हळद व डाळीचें पीठ. पीठ अंगावरचें जास्तीचें तेल शोषून घेतें व मळ आपल्याबरोबर घेऊन सुटतें. म्हणून अभ्यंगानंतर उटणें, हा क्रम उलटा करून चालत नाहीं. कचोरा, गव्हला, नागरमोथा, वाळा, आंबेहळद हीं मुळें व बियाणें सावलींत वाळवावयाचीं, कारण उन्हानें वास उडतो. मग कुटून वस्त्रगाळ करावयाचीं, कारण भरड राहिली तर अंगास ओरखडे पडतात. रिठा फोडून बी काढून टाकावयाचें, कारण फेंसाचें सत्त्व सालींत असतें. शिकेकाईच्या शेंगा रिठ्याच्या सालीसह रात्रभर भिजवून सकाळीं उकळावयाच्या, त्यांत आंवळकाठी घालावयाची, आणि पाणी गाळून घ्यावयाचें. न्हातांना डोळे मिटून घ्यावयाचे, नाहींतर रिठा झोंबतो. या प्रत्येक ‘कारण’ शब्दामागें अनुभव आहे. पण मापें मात्र मूठ, ओंजळ, चिमूट अशीं. हाताचीं मापें हाताबरोबरच जातात.

हें लिहिलें कां गेलें नाहीं? लिहिणारा पुरुष व करणारी स्त्री, हें एक कारण उघडच आहे. दुसरें कारण द्रव्यांच्या मोलांत आहे. जटामांसी व कोष्ठ हिमालयांतून येणार, उत्तम कापूर समुद्रापलीकडील बेटांतून येणार. विकत आणावयाच्या वस्तूची यादी करावी लागते. घरच्या कोठींतल्या डाळीची व परसांतल्या हळदीची यादी कोण करतो? जें बाजारांतून आलें तें कागदावर चढलें. जें घरांत होतें तें कागदावांचून चाललें.

७

या नियमास एक विलक्षण अपवाद गोव्यांत सांपडतो. गोव्यांतील इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायासन, इ. स. १५६० मध्यें स्थापन झालें व १८१२ मध्यें कायमचें बंद झालें. या न्यायासनानें १४ एप्रिल १७३६ रोजीं एक विस्तृत जाहीरनामा काढून नवख्रिस्ती लोकांत चालू असलेल्या अनेक पूर्वापार चाली मना केल्या. कै. अनंत काकबा प्रियोळकर यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथामुळें हा जाहीरनामा सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्यांत लग्नप्रसंगीं वधूवरांच्या अंगास लावण्यास मना केलेल्या मिश्रणाचे घटक एकेक करून दिले आहेत : केशराची पूड, दूध, खोबरेल, तांदळाचें पीठ आणि अबोलीच्या पानांची भुकटी. यांतील केशर म्हणजे हळद होय. गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापविलेल्या आपल्या औषधिसंवादांत हळदीस देशी केशर या अर्थाचेंच पोर्तुगीज नांव दिलें आहे, आणि कोंकणांतील लग्नांत अंगास फांसावयाची ती हळदच, हें सांगावयास नको.

या पांच नांवांचें वजन ध्यानांत घ्यावें. त्यांत चंदन नाहीं, अगरु नाहीं, नागरमोथा नाहीं, गंध्याच्या दुकानांतलें एकही द्रव्य नाहीं. हळद, दूध, खोबरेल, तांदूळ, अबोली. सर्व स्वयंपाकघरांतलें व परसांतलें. आपल्या पोथ्यांनीं जो अर्धा भाग वगळला तो येथें कागदावर चढला, आणि चढविणारा तो कर्ता नव्हे, भोक्ताही नव्हे, तर मनाई करणारा. त्यास गंधशास्त्राशीं कर्तव्य नव्हतें. त्यास ओळखून शिक्षा करतां येईल अशी खूण हवी होती. म्हणून त्यानें पाटावर जें दिसलें तें नांवानिशीं लिहिलें.

अर्थात् या कागदासही मर्यादा आहेत. मनाईचा हुकूम म्हणजे कृति नव्हे. त्यांत प्रमाणें नाहींत, क्रम नाहीं, आणि वर्णन लग्नविधीचें आहे, नित्यस्नानाचें नव्हे. शिवाय हुकूम निघाला म्हणून चाल बंद पडली असेंही समजूं नये. गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाआधीं वधूवरांस नारळाचा रस लावून न्हाऊं घालण्याचा ‘रोस’ नांवाचा विधि आजही चालतो. जाहीरनामा काढणारें न्यायासन गेलें. नारळाचा रस राहिला. मात्र तो कागद नसता तर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत किनाऱ्यावरील अंगलेपांत काय पडत होतें हें निश्चित तिथीसह सांगावयास दुसरा आधार शोधावा लागला असता. आपल्या घरच्या गोष्टीकरितां परक्या न्यायासनाच्या दप्तराकडे जावें लागावें, यांत आपल्या संग्रहपद्धतीवर टीका आहे, व ती आपण ऐकली पाहिजे.

८

जुनें घर मोडतें, वाडा विकला जातो, दप्तर बाहेर निघतें. संग्राहक येतो, सनद घेतो, पोथी घेतो, मोडी पत्रें घेतो. पोथीच्या वेष्टनांत किंवा जमाखर्चाच्या वहींत अडकलेलें, ‘उटण्याचें सामान’ असें वर लिहिलेलें, हळदीचे डाग पडलेलें पान मात्र बाजूस पडतें. त्यावर तिथि नसते, राजा नसतो, मोर्तब नसतें. परंतु वर जें विवेचन केलें त्यावरून असें पान किती प्रश्नांस उत्तर देऊं शकतें हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. यास्तव हस्तलिखितांच्या संग्राहकांस पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट : असें पान ज्या बाडांतून निघालें त्या बाडापासून तोडूं नये. जमाखर्चाच्या वहींतील शेजारच्या तारखा, कागदाची जात व अक्षराचें वळण यांवरून त्याचा काळ ठरूं शकतो. एकदां सुटें झालें कीं तें मुकें होतें.

दुसरी : वजनें व मापें जशींच्या तशीं उतरावीं. तोळा बारा माशांचा हें सर्वत्र ठाऊक आहे. परंतु शेर पूर्वीं पेठेगणिक बदलत असे. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली तेव्हांपासून नवी पिढी हीं मापें विसरत चालली आहे. शेराचे ग्रॅम करून मूळ आंकडा टाकून देणें म्हणजे पुरावाच पुसून टाकणें होय.

तिसरी : द्रव्यांचीं नांवें संस्कृतांत ‘शुद्ध’ करूं नयेत. नांवांच्या साम्यानें विद्वानही फसावे अशीं स्थळें येथें पुष्कळ आहेत. संस्कृत ग्रंथांतील ‘तगर’ ही डोंगरी वनस्पतीची सुगंधी मुळी आहे. मराठींत तगर म्हणजे अंगणांतलें पांढऱ्या फुलांचें झाड. रक्तचंदन हें नांवानें चंदन असलें तरी झाड सर्वस्वी निराळें, व त्यास चंदनाचा वास नाहीं. ‘प्रियंगु’ म्हणून आपल्या बाजारांत गव्हला मिळतो, पण इतर प्रांतांचे वैद्य त्या नांवाखालीं दुसऱ्याच वनस्पति दाखवितात. कचोरा व कपूरकाचरी यांची तर दुकानांतच अदलाबदल होते. यादींत गव्हला असेल तर गव्हलाच लिहावा, आणि शक्य तर त्या गांवच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून नमुना आणून त्याची ओळख पटवून ठेवावी.

चौथी, व सर्वांत निकडीची : पान हातीं आल्यावर त्या घरांतील वयोवृद्ध स्त्रीस तें वाचून दाखवावें. पानावर सुगंधाचीं दहा द्रव्यें असतील. तीं कशांत मिसळावयाचीं हें ती सांगेल. पीठ कोणतें, भरड कीं वस्त्रगाळ, दूध कीं पाणी, बाळंतिणीस काय वगळावयाचें, ही सर्व माहिती तिचें नांवगांव व सांगितल्याची तारीख यांसह पानाच्या प्रतीस जोडावी. तिचें नांव तिच्या संमतीवांचून छापूं नये. परंतु नोंद अवश्य ठेवावी. लेखी अर्धा व अलेखी अर्धा भाग एका ठिकाणीं आला म्हणजेच तें साधन पूर्ण होतें. यांपैकीं लेखी भाग वाळवीपासून जपतां येतो. अलेखी भागास तसा कांहीं इलाज नाहीं.

गंधवादाच्या मराठी टीकाकारानें आपलें नांव मागें ठेवलें नाहीं. तथापि आपल्या धंद्याची विद्या त्यानें देशभाषेंत उतरविली, आणि चारपांचशें वर्षांनीं ती आपल्या हातीं आली. पाट्यावर हळद वाटणाऱ्या व उखळांत कचोरा कुटणाऱ्या हातांस असा टीकाकार लाभला नाहीं. तो होण्याचें काम आतां संग्राहकांकडे आलें आहे, व त्यास फार मोठें साहित्य लागत नाहीं : एक वही, एक तराजू, आणि विचारण्याची तयारी.